मिठाच्या पिशवीचा हिशेब

आपल्या घरात मिठाची एक किलोची पिशवी किती दिवस पुरते? उच्च रक्तदाबावरील लेखाचा आरंभ अशा प्रश्नाने व्हावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असते आणि डॉक्टरांना सहसा नसते. म्हणून तेथूनच सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ खावे. चौघांच्या कुटुंबाला दिवसाचे २० ग्रॅम धरले, तर एक किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरावयास हवी. घरात वृद्ध पती-पत्नी दोघेच असतील, तर तीच पिशवी १०० दिवस चालावी. अनेक घरांत ती त्याच्या कितीतरी आधी संपते. शिवाय बाहेरून आणलेले फरसाण, पाव, खारी आणि तयार पापड यांतील मीठ या हिशेबात धरलेलेच नाही.

हा हिशेब एकट्या आजींचा किंवा आजोबांचा नसून सबंध घराचा आहे, आणि आजच्या लेखातील मुख्य मुद्दाही तोच आहे. वृद्धांचा रक्तदाब दवाखान्यात मोजला जातो. पण तो वाढतो किंवा आटोक्यात राहतो तो घरातल्या दिनक्रमावर. औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम. ते औषध ज्या दिवसात घ्यावयाचे, तो दिवस नीट लावून देणे हे घरातल्या सर्वांचे काम.

वयाबरोबर वाढणारा वरचा आकडा

तरुणपणी आपल्या मोठ्या रोहिणी लवचीक असतात. हृदयाने रक्त जोराने ढकलले की त्या किंचित फुगतात आणि तो धक्का झेलून घेतात. वय वाढते तशा त्यांच्या भिंती ताठर होतात. धक्का झेलला न गेल्यामुळे रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि खालचा आकडा मात्र तेवढाच राहतो किंवा उतरतो. म्हणूनच साठीनंतर १६०/७५ यांसारखे मोजमाप पुष्कळदा दिसते. ‘खालचा तर ठीक आहे ना’ असे म्हणून आपण समाधान मानतो. पण उतारवयात मेंदूला, हृदयाला आणि मूत्रपिंडांना अधिक धोका या वरच्या आकड्यामुळेच असतो.

‘वय अधिक शंभर, इतका रक्तदाब चालतो’ हा आडाखा जुन्या पिढीत अजून ऐकू येतो. सत्तर वर्षांच्या माणसाला १७० चालतात, असा त्याचा अर्थ. हा समज अभ्यासांनी खोटा ठरवला आहे. अमेरिकेत साठ वर्षांवरील, केवळ वरचा आकडा चढलेल्या सुमारे पावणेपाच हजार लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार घेणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटले होते. २००८ मध्ये ऐंशी वर्षांवरील रुग्णांविषयीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही उपचार घेणाऱ्यांतील मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी झाले आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. ऐंशीव्या वर्षीही ‘आता काय उपयोग’ असे म्हणण्याचे कारण नाही.

उतारवयात मरणापेक्षाही परावलंबनाचे भय अधिक असते. स्वतःच्या हाताने जेवता यावे, स्वतः न्हाणीघरापर्यंत जाता यावे, नातवाचे नाव स्पष्ट उच्चारता यावे, एवढीच माफक इच्छा असते. पक्षाघात हे सारे एका सकाळी हिरावून घेऊ शकतो. रक्तदाब आवरणे म्हणजे या साध्या गोष्टींचे रक्षण करणे होय.

वेगळे पान नको

रक्तदाबाचे निदान झाले की पुष्कळ घरांत एक प्रकार घडतो. सर्वांसाठी नेहमीचा स्वयंपाक होतो आणि वडीलधाऱ्यांसाठी अळणी भाजी, अळणी आमटी बाजूला काढली जाते. चार दिवस ती निमूटपणे खाल्ली जाते. पाचव्या दिवशी घास गिळवत नाही, अर्धे अन्न पानात राहते आणि पुढे कोणाचे लक्ष नसताना लोणच्याची बरणी उघडली जाते. यात दोष म्हाताऱ्या माणसाच्या जिभेचा नाही. वयाबरोबर चव मंदावते. त्यात पंक्तीत आपले एकट्याचेच पान निराळे, ही जाणीव जेवणाची गोडी घालवते. भूक कमी झालेल्या वृद्धाचे पोटभर न जेवणे हे स्वतःच एक दुखणे आहे. अशक्तपणा येतो, स्नायू झिजतात आणि तोल जातो.

यावर उपाय एकच, तो म्हणजे सबंध घराचे मीठ हळूहळू उतरवणे. आज भाजीत दोन चमचे पडत असतील, तर पंधरा दिवस पावणेदोन टाकावेत, मग दीड. जिभेची सवय काही आठवड्यांत बदलते आणि पूर्वीचे पदार्थ खारट वाटू लागतात. भाकरीच्या किंवा पोळीच्या पिठात आणि भातात मीठ घालण्याची पद्धत असेल, तर ती सर्वांत आधी बंद करावी. कोरड्यास चवदार असताना भाकरी अळणी आहे, हे जिभेला कळतही नाही. पानाच्या वरच्या बाजूला चिमूटभर मीठ वाढण्याची आपली जुनी रीत आहे. तेथे मिठाऐवजी लिंबाची फोड दोन ठेवाव्यात. आमसूल, चिंच, कैरी, आले, लसूण, जिरे, ओवा, कढीपत्ता आणि कोथिंबीर यांनी पदार्थाला उठाव येतो आणि मिठाची उणीव फारशी भासत नाही.

खरे मीठ लपून येते. लोणचे आणि पापड यांना आपण ओळखतो. पापडात तर मिठाच्या जोडीला पापडखारही असतो. त्याखेरीज सांडगे, कुरडया, भरलेल्या सांडग्या मिरच्या, खारे शेंगदाणे, चिवडा, शेव, चीज, सॉस आणि झटपट होणाऱ्या नूडल्स यांतही मीठ भरपूर असते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात खाल्ली जाणारी सुकी खारवलेली मासळी हा मिठाचा मोठा साठाच होय. ती खायचीच असेल, तर पाण्यात भिजवून, पाणी दोन-तीनदा बदलून, थोडीच खावी. ढोकळ्यात किंवा भज्यात घातला जाणारा खाण्याचा सोडा, पित्तावर घेतली जाणारी फसफसणारी पूड आणि पाण्यात विरघळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांतूनही सोडियम पोटात जाते. हे मिठासारखे खारट लागत नाही, म्हणून ध्यानात येत नाही.

सैंधव किंवा पादेलोण खाल्ले तर चालते, हाही समज पुसून टाकावा. रंग आणि चव निराळी असली, तरी तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ मात्र खरोखर वेगळे असते. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी आढळला. तथापि ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत किंवा ज्यांना शरीरातील पोटॅशियम वाढवणारी औषधे चालू आहेत, त्यांना हे मीठ घातक ठरू शकते. रक्तदाबाच्या काही नित्याच्या गोळ्याही या प्रकारात मोडतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून ते घरात आणू नये.

मीठ कमी करणे म्हणजे ते वर्ज्य करणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मुळातच थोडे जेवणाऱ्या आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धाचे मीठ पूर्ण तोडले, तर रक्तातील सोडियम फार खाली जाऊन गुंगी, भ्रम किंवा कमालीचा अशक्तपणा येऊ शकतो.

एवढ्या खटाटोपाने काही साधते का? साठ ते ऐंशी वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या ९७५ जणांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मीठ कमी करणाऱ्या आणि स्थूल असल्यास थोडे वजन उतरवणाऱ्या वृद्धांपैकी अधिक जणांना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळीविना रक्तदाब आटोक्यात ठेवता आला. उतारवयात सवयी बदलत नाहीत, ही समजूत त्या वृद्धांनीच खोडून काढली.

पाऊल आणि श्वास

आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास चालणे, हे प्रमाण बहुतेकांना झेपते. एका दमात अर्धा तास होत नसेल, तर दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करावेत. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत गती पुरे. गुडघे दुखत असतील, तर खुर्चीत बसून पाय उचलणे, कठड्याला धरून टाचा उचलणे, असे व्यायाम करावेत.

सावकाश श्वास घेणे आणि त्याहून सावकाश सोडणे हितकारक आहे. त्याने मन शांत होते आणि दाबही थोडा उतरतो. मात्र श्वास फार वेळ रोखून धरणे, शीर्षासनासारखी डोके खाली नेणारी आसने आणि जड वस्तू उचलताना जोर लावणे टाळावे. शौचास कुंथावे लागू नये म्हणून जेवणात पालेभाजी, कोशिंबीर आणि फळे असावीत, पाणी पुरेसे प्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर पाणी आणि फळे किती घ्यावीत, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. रात्री मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होणे, हेही दाब वाढण्याचे एक कारण असते. शेजारी झोपणाऱ्याने हे डॉक्टरांच्या कानावर घालावे; झोपणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही.

घरातले लहानसहान वैरी

आपल्याकडील कित्येक वृद्ध स्त्रिया सकाळी मिश्री लावतात. तिला त्या दात घासणे म्हणतात, व्यसन म्हणत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ असेच येते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय. तिच्यातील निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते आणि नाडी व रक्तदाब दोन्ही चढवते. तपकिरीचेही तेच. येथे रागावण्याने काम होत नाही. मिश्री लावण्याच्या वेळा एकेक करून कमी करणे अधिक साधते.

गुडघेदुखीवर घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, त्यावरील औषधांचा जोर कमी करतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून त्या महिनोन्‌महिने घेणे धोक्याचे आहे. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांनीही दाब चढतो. घरगुती काढ्यांतील ज्येष्ठमध निरुपद्रवी वाटते. पण ते रोज आणि भरपूर घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. डॉक्टरांकडे जाताना आपण जे जे पोटात घेतो, चूर्ण, काढा, मलमाखेरीज सारे, ते एका पिशवीत घालून न्यावे.

आकडा खरा कसा ठरवावा

घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असणे चांगले. ते दंडावर पट्टा बांधण्याचे असावे आणि पट्टा दंडाच्या मापाचा असावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि श्रम टाळावेत. लघवी करून यावे. पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर, दोन्ही पावले जमिनीवर टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर हृदयाच्या उंचीवर ठेवावा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधावा. मोजताना बोलू नये, आणि इतरांनीही बोलायला लावू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीचे सात दिवस सकाळी, गोळी घेण्याआधी, आणि संध्याकाळी असे मोजावे. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरच्या मोजमापांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक राहिली, तर ती चढी समजतात. आपल्या माणसासाठी नेमके लक्ष्य कोणते, हे त्याचे वय, अशक्तपणा आणि इतर आजार पाहून डॉक्टर ठरवतात. नाडी अनियमित असेल, तर यंत्राचे आकडे फसवे येऊ शकतात. दिवसातून दहा वेळा मोजण्याची सवयही लावून घेऊ नये. काळजीनेच आकडा चढतो.

उतरणाऱ्या आकड्याचे भान

रक्तदाब वाढू न देणे हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो एकाएकी कोसळू न देणेही महत्त्वाचे आहे. अंथरुणातून उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्कर येऊन माणूस पडू शकतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे कित्येकदा कायमचे अंथरुण. म्हणून उठताना आधी कुशीवर व्हावे, मग काठावर एक-दोन मिनिटे बसावे, पाय हलवावेत आणि आधार धरून उभे राहावे. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा असावा, संडासात धरण्यासाठी दांडा बसवावा. भरपेट जेवणानंतरही वृद्धांचा दाब उतरतो. म्हणून थोडे-थोडे जेवावे आणि जेवून लगेच लगबगीने उठू नये. डॉक्टरांना वर्षातून एक-दोनदा उभ्यानेही रक्तदाब मोजण्याची आठवण करावी.

वैशाखातील उन्हाळा, जुलाब-उलट्या आणि निर्जळी उपवास या तीन प्रसंगी शरीरातील पाणी घटते. त्यात लघवी वाढवणारी गोळी नेहमीप्रमाणे चालू राहिली, तर दाब फार खाली जाऊ शकतो. अशा दिवसांत गोळीचे काय करावयाचे, हे आधीच विचारून वहीत लिहून ठेवावे. एकादशी धरणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी मनानेच गोळ्या बंद ठेवू नयेत. पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने व्रत मोडते असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी घरातल्या ज्येष्ठांनी प्रेमाने बोलावे. आणि उपवासाचे वेफर्स व तळलेला खारा चिवडा हा मिठाचाच फराळ आहे, हेही सांगावे.

‘बरे वाटते’ म्हणून सोडलेली गोळी

उच्च रक्तदाब सहसा दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच आकडा सुधारला की ‘आता बरे आहे’ असे वाटून गोळी थांबवली जाते. तो आकडा गोळीमुळेच खाली आलेला असतो. काही औषधे एकदम थांबवल्यास दाब उसळी मारतो. सवयी सुधारल्यामुळे गोळी कमी करता येणे शक्य आहे. पण तो निर्णय वही पाहून डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी ठेवली, की आजची गोळी घेतली की नाही, हा वाद मिटतो. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब तपासण्याची आणि गोळ्यांची सोय असते. महागाईमुळे औषध सुटत असेल, तर तेथे अवश्य जावे.

घरी आकडा १८०/१२० च्या घरात दिसला, तर पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजावे. तो तसाच चढा असेल आणि इतर काही त्रास नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. स्वतःच्या मनाने जादा गोळी देऊ नये किंवा गोळी जिभेखाली ठेवू नये. दाब झपाट्याने उतरला तर मेंदूचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो. परंतु तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, एकाएकी धाप लागणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी काहीही दिसले, तर आकडा कितीही असो, क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ या एका वाक्याने ती वेळ निघून जाते.

या पंधरवड्यासाठी तीनच कामे

सर्व सवयी एकदम बदलू पाहणारे घर आठवडाभरात थकते. म्हणून पुढील अंक हाती येईपर्यंत तीनच कामे करावीत. नव्या मिठाच्या पिशवीवर ती फोडल्याची तारीख लिहावी. रक्तदाबाची एक वही करून सात दिवसांची मोजमापे नोंदवावीत. आणि संध्याकाळी घरातील कोणीतरी एकाने, मुलगा, सून, नात, जो मोकळा असेल त्याने, ज्येष्ठांबरोबर वीस-तीस मिनिटे चालून यावे.

तिसरे काम सर्वांत सोपे आहे आणि तेच सर्वांत आधी मागे पडते. ‘तुम्ही चालत जा’ असे सांगितल्याने पाऊल उचलत नाही. ‘चला, जाऊन येऊ’ म्हटले की चपला लगेच पायात येतात.